पाने आणि पानें

आयुष्यभर पुस्तकांचीं पानें उलटल्यावर पन्नाशींत मला मोटारसायकलचे पाने हाताळण्याचा छंद जडला. पनवेलहून पुण्याला निघावें, तर द्रुतगती मार्ग दुचाकीला वर्ज्य. खोपोलीवरून बोरघाटाची जुनी वाट धरावी लागते. बरोबर हत्यारें किती घ्यावीं? आपल्या गाडीच्या एकाहि नटाला न बसणारा पाना म्हणजे केवळ ओझें. १० व १२ मिलिमीटरचे पाने, स्पार्क प्लगचा पाना, पक्कड, जादा फ्यूज, ट्यूबलेस टायरचें भोंक बुजविणाऱ्या रबरी पट्ट्या आणि हातपंप, एवढें पुरे. मात्र प्रत्येक हत्यार आधीं अंगणांत वापरून पाहावें. घाटांतील अंधारांत हाताला अनोळखी वस्तु असून नसल्यासारखीच! विद्येचेंहि असेंच नाहीं का? कपाटांतील ग्रंथांकडे पाहतांना हल्लीं प्रश्न पडतो, अडल्या वेळीं यांतील किती पानें माझ्या कामीं येतील?