आवाज मधोमध पाहिजे

हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर घरी करायचा म्हटलं की पहिला वाद आयसीचा. ओपीए २१३४ की एनई ५५३२? मला विचाराल तर आधी व्हॉल्यूमचा पॉट निवडा.

पॉट लॉगच हवा, 'ए' छापलेला. 'बी' म्हणजे लिनिअर. जरा फिरवला की आवाज एकदम अंगावर येतो. स्वस्त ड्युअल पॉटची आणखी एक खोड: अगदी सुरुवातीला डावा-उजवा सारखा चालत नाही. आणि घरचे झोपल्यावर आपण ऐकतो नेमकं तिथंच!

पारखायचं कसं? केसरबाई केरकर लावा. आमच्या कोल्हापूर दरबारचे गवई अल्लादियाखाँसाहेब, त्यांची ही शिष्या. बाईंचं 'जात कहाँ हो' १९७७ साली व्हॉयेजरबरोबर अवकाशात गेलं. ध्वनिमुद्रण मोनो, म्हणजे आवाज डोक्यात बरोब्बर मध्ये पाहिजे. एका कानाकडे सरकला तर पॉट बदला.

महागडा पॉट परवडत नाही? ९ व्होल्टच्या बॅटरीवरच्या सीमॉय सर्किटमध्ये, दोन्ही चॅनलच्या फीडबॅकमधून ग्राउंडला जाणारा १के रेझिस्टर काढून ४.७के लावा. गेन ११ वरून साधारण ३ वर येतो. तेवढ्याच आवाजासाठी नॉब पुढं न्यावा लागतो, आणि बाई मधोमध येतात. खर्च कटिंग चहापेक्षा कमी. नाद खुळा!