उन्हाळ्यासाठी बीअर कोणी निवडली?

१/
उन्हाळ्यात कोणती बीअर प्यावी, या प्रश्नाचे उत्तर आज चटकन मिळते : हलकी, फिकट आणि थंडगार. यांपैकी ‘थंडगार’ हे विशेषण सर्वांत अलीकडचे. कलकत्ता-मुंबईच्या उन्हाळ्यात बीअर प्यायली जात होती ती यंत्राचा बर्फ येण्याच्या कितीतरी आधीपासून. मग ती निवडली कशी जात होती? आणि निवडत कोण होते? मला या विषयाकडे ओढले ते दुसऱ्या प्रश्नाने. आजचा धागा त्यासाठी.

२/
आधी युरोप. उष्मा हा बीअर गाळणाऱ्यांचा जुना शत्रू. उन्हाळ्यात आंबवण बिघडे, म्हणून बव्हेरियात १५५३ च्या आदेशाने २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर बीअर गाळण्यास मनाई झाली. मार्चमध्ये गाळलेली बीअर तळघरांत साठवून उन्हाळाभर पुरवायची, ही रीत रुजली. तळघरे गार राहावीत म्हणून वर चेस्टनटची झाडे लावली गेली. त्या सावलीत लोक प्यायला बसू लागले आणि ‘बीअर गार्डन’ जन्मले. उन्हाळ्याची बीअर म्हणजे उन्हाळ्यापूर्वी गाळलेली बीअर, असा तेव्हाचा अर्थ होता.

३/
कलकत्ता-मुंबईला असे तळघर कुठले? तेव्हा बीअर आली समुद्रमार्गे. लंडनहून आफ्रिकेला वळसा घालून, दोनदा विषुववृत्त ओलांडून, चार ते सहा महिन्यांचा प्रवास. कंपनीची जहाजे इकडून कापड, मसाले आणि सोरा यांनी लादून जात. येताना मात्र त्यांत जागा रिकामी असे. त्यामुळे इकडे येणाऱ्या मालाचे भाडे स्वस्त पडे. यातला सोरा लक्षात ठेवा, तो पुन्हा भेटेल.

४/
प्रवासात टिकावी म्हणून हॉजसन नावाच्या माणसाने भरपूर हॉप्स घालून ‘इंडिया पेल एल’चा शोध लावला, ही कथा सर्वत्र वाचायला मिळते. पुरावे निराळे बोलतात. उष्ण प्रदेशात धाडायच्या बीअरमध्ये जास्त हॉप्स घालावेत, हा सल्ला १७६० च्या दशकापासून प्रचलित होता. काळी, दाट ‘पोर्टर’ही हाच प्रवास करून इकडे येत होती. १७८४ मध्ये कलकत्त्याच्या गॅझेटात पेल एलची जाहिरात सापडते. ‘ईस्ट इंडिया पेल एल’ हे नाव मात्र छापील स्वरूपात आढळते ते १८२९ मध्ये, तेही सिडनीच्या वृत्तपत्रात.

५/
हॉजसनची खरी शक्ती दोन गोष्टींत होती. त्याचा बो येथील कारखाना कंपनीच्या गोदीजवळ होता आणि तो जहाजांच्या कप्तानांना अठरा महिन्यांपर्यंत उधारी देई. दंतकथेपेक्षा मला ही हकीकत अधिक रंजक वाटते. एका शहराची चव घडली, तिच्यामागे कोणाचा शोध नव्हता, उधारीची वही होती.

६/
पुढे हॉजसनच्या पेढीने उधारी आवळली, भाव चढवले. तेव्हा १८२२ मध्ये कंपनीचे एक संचालक मार्जोरीबँक्स यांनी बर्टन गावच्या सॅम्युएल ऑलसॉपला तशीच बीअर करण्यास सुचवले. रशियाच्या जकातीमुळे बर्टनचा बाल्टिककडील व्यापार बुडालेला होता. ऑलसॉपच्या माणसाने पहिला नमुना चहाच्या किटलीत करून पाहिला, अशी आख्यायिका आहे. बर्टनच्या पाण्यात जिप्सम विपुल. त्या पाण्याने कडवटपणा स्वच्छ उमटला. कलकत्त्याच्या वैशाखात काय प्यावे, याचा निर्णय असा पीटर्सबर्गच्या जकातीने आणि लंडनच्या हिशेबाने झाला.

७/
ती उन्हाळ्याला मानवत होती का? होय. फिकट माल्ट, उरलेली साखर अल्प, हॉप्सचा कडवटपणा आणि भरपूर फेस. जिभेवर गोडी रेंगाळत नाही, म्हणून घोट ताजा वाटतो. मद्यांश मात्र आजच्या साध्या लागरपेक्षा अधिकच असे. चवीला हलकी आणि अंगी हलकी, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

८/
आणि गारवा? येथे सोरा पुन्हा येतो. सोरा पाण्यात विरघळताना उष्णता शोषून घेतो. अकबराच्या दरबारात पाणी असे गार करीत, हे ‘आईन-ए-अकबरी’त नोंदलेले आहे. साहेबांच्या घरी हे काम ‘आबदार’ नावाचा नोकर करी. मराठेशाहीच्या अठरा कारखान्यांतही आबदारखाना होता आणि दारूखानाही. त्या दारूखान्यातली दारू म्हणजे बंदुकीची. तिचाही मुख्य घटक सोराच. तोफ तापवणारे आणि बाटली निववणारे द्रव्य एकच होते.

९/
१८३३ मध्ये ‘टस्कनी’ हे जहाज बॉस्टनहून तळ्यांचा बर्फ घेऊन कलकत्त्यास आले. निघताना सुमारे १८० टन, पोहोचताना त्यातला बराच भाग शिल्लक. लवकरच मुंबईतही अमेरिकन बर्फ येऊ लागला आणि गोदीजवळ घुमटाचे बर्फघर उभे राहिले. १८७० च्या दशकात म्युनिकमध्ये कार्ल फॉन लिंडे यांनी शीतयंत्र सिद्ध केले, कलकत्त्यात यंत्राचा बर्फ होऊ लागला आणि तळ्यांच्या बर्फाचा व्यापार ओसरला. गार बीअरची आजची कल्पना तेव्हापासूनची.

१०/
आता ‘कोण’ हा प्रश्न. पेल एल ही अधिकारी आणि व्यापारी यांची निवड. साध्या गोऱ्या शिपायाला त्याच उन्हात मिळे ती प्रामुख्याने कंत्राटाची पोर्टर. त्याला निवड नव्हती. आणि या भूमीची स्वतःची उन्हाळी बीअर म्हणावी अशी, पहाटे झाडावरून उतरवलेली, कमी मद्यांशाची ताडी? ती काढणाऱ्या भंडारी समाजाचा धंदा १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने परवाने आणि झाडपट्टी यांच्या कचाट्यात आणला. १८९२ च्या कायद्याने मोहाच्या फुलांवरही निर्बंध घातले.

११/
आजची निवड कशी करावी? इतिहासाने दिलेली कसोटी वापरा : गोडी कमी, फेस जिवंत, मद्यांश पाच टक्क्यांच्या आत. साधी लागर, गव्हाची बीअर किंवा बेल्जियमच्या शेतमजुरांसाठी गाळली जाणारी ‘सेझाँ’, जर सौम्य मिळाली तर. आपल्याकडे सर्वाधिक खपते ती ‘स्ट्राँग’. रखरखीत दुपारी तीच सर्वांत अयोग्य, कारण मद्य शरीरातील पाणी बाहेर टाकते. शेजारी पाण्याचा तांब्या हवाच. महाराष्ट्रात बीअरसाठी वय २१ पूर्ण हवे आणि १९४९ च्या कायद्यानुसार परवानाही.

१२/
शेवटी एक विनंती. पेल एलचा इतिहास लिहिता येतो, कारण तिच्या जाहिराती, बिले आणि तक्रारी छापल्या गेल्या, जपल्या गेल्या. ताडीचा इतिहास उरला आहे तो मुख्यतः कर वसूल करणाऱ्यांच्या दप्तरात. तुमच्यापैकी कोणाच्या घरी झाडपट्टीच्या पावत्या, ताडीचे परवाने किंवा आजोबांच्या तोंडच्या हकीकती असतील, तर त्या लिहून ठेवा, छायाचित्रे काढून ठेवा. त्या कागदांवाचून उन्हाळ्याच्या पेयांचा आपला इतिहास परक्यांच्या बाटलीवरूनच वाचावा लागेल.