लुईस डोंगरावरचा मुक्काम

एस.टी.च्या स्टेअरिंगवर माझी एकोणतीस वर्षे गेली. रात्रीचा मुक्काम म्हणजे डेपोतली लोखंडी खाट, नाहीतर गाडीतलेच बाकडे. त्यामुळे मुलीकडे अमेरिकेत गेलो आणि जावई म्हणाले, "मामा, या वेळी आपण गाडीतच राहायचं, जंगलात," तेव्हा मला हसू आले. जन्मभर जे पोटासाठी केले, ते हे लोक पैसे मोजून हौसेने करतात!

या गाडीला तिकडे आर.व्ही. म्हणतात. आकार आपल्या मिनीबसएवढा. आत पलंग, गॅसची शेगडी, बेसिन, संडास आणि पाण्याची टाकी. ती भाड्याने मिळते. जंगलात अशा गाड्यांसाठी आणि तंबूंसाठी जागा आखून दिलेल्या असतात. त्याला कॅम्पग्राउंड म्हणायचे. प्रत्येक कुटुंबाला नंबरची जागा, एक टेबल-बाकडे आणि शेकोटीसाठी लोखंडी कडे.

ऑक्टोबरचा महिना होता. मेरीलँड राज्यात अ‍ॅकोकीक येथे १४ ऑक्टोबर २०२३ रोजी बाबासाहेबांच्या भव्य पुतळ्याचे अनावरण झाले आहे. तेथे जाऊन अभिवादन केले आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या व्हर्जिनिया राज्यातील शेनान्डोआ राष्ट्रीय उद्यानाकडे निघालो. हे उद्यान १९३५ साली स्थापन झाले. ब्लू रिज डोंगराच्या माथ्यावरून १०५ मैलांचा, म्हणजे सुमारे १६९ किलोमीटरचा एकच रस्ता जातो. त्याचे नाव स्कायलाइन ड्राइव्ह. दोन्ही बाजूंना ओक, हिकरी, मेपल यांचे दाट रान. आपल्याकडे फाल्गुनात पळस फुलला की रान पेटल्यासारखे दिसते. इथे ऑक्टोबरात पानेच पेटतात.

या रस्त्यावर गाडी घेऊन राहण्याजोगी चार कॅम्पग्राउंड आहेत : मॅथ्यूज आर्म, बिग मेडोज, लुईस माउंटन आणि लॉफ्ट माउंटन. कोणते निवडायचे, हे गाडी आणि गरज पाहून ठरवावे. ज्या बांधवांची मुले-नातवंडे तिकडे आहेत, त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट गाडीच्या उंचीची. उत्तरेकडच्या फ्रंट रॉयल गावाकडून शिरलात, तर बत्तिसाव्या मैलाजवळ मेरीज रॉक नावाचा बोगदा लागतो. त्याची उंची १२ फूट ८ इंच. छपरावरच्या वातानुकूलन यंत्रासह गाडी किती उंच आहे, हे भाड्याने घेतानाच विचारावे आणि कागदावर लिहून समोर चिकटवावे. गाडी उंच असेल, तर बोगद्याच्या पुढच्या नाक्यावरून आत यावे. वेगमर्यादा ताशी ३५ मैल. ती मोडायची घाई नको. रस्त्यावर हरणे येतात.

दुसरी गोष्ट पाणी आणि विजेची. या चारही ठिकाणी गाडीला वीज किंवा नळ जोडून मिळत नाही. टाकी आधी भरून घ्यायची. मैला आणि सांडपाणी उपसून टाकण्याची सोय मोठ्या तीन कॅम्पग्राउंडवर आहे, लुईस माउंटनवर नाही. ज्यांना मोठी जागा हवी त्यांनी लॉफ्ट माउंटन पाहावे; तेथे दोनशेहून अधिक जागा आहेत. लुईस माउंटन सर्वांत लहान, जेमतेम तीस जागांचे. म्हणूनच तेथे शांतता आहे.

तिसरी गोष्ट अस्वलांची. या रानात काळी अस्वले आहेत. स्वयंपाक झाला की एक खरकटे भांडेही बाहेर ठेवायचे नाही. सगळे गाडीत बंद. चौथी गोष्ट सरपणाची. बाहेरगावचे लाकूड नेता येत नाही, कारण त्यातून झाडे मारणारी कीड पसरते. कीड मारण्यासाठी तापवलेले, तसा शिक्का असलेले लाकूडच चालते.

आम्ही लुईस माउंटन निवडले. मुलीने आतल्या शेगडीवर पिठले टाकले, भाकऱ्या घरूनच आणल्या होत्या. बाहेर गारठा पडला होता. शेकोटीभोवती आम्ही पाच जण बसलो. शेजारच्या जागेवर एक कृष्णवर्णीय आजी-आजोबा नातवांना घेऊन आले होते. त्यांनी हात केला, आम्ही हात केला. रात्री दहानंतर सगळीकडे सामसूम. ते रान आणि ते आभाळ मी विसरणार नाही.

पण हेच ठिकाण निवडण्यामागे मुलीचे एक कारण होते, ते तिने शेकोटीपाशी सांगितले. त्या काळी व्हर्जिनियात गोऱ्यांचे आणि काळ्यांचे सगळे वेगळे होते. उद्यानातही तोच भेद आला. १९३९ साली लुईस माउंटन सुरू झाले, ते फक्त कृष्णवर्णीयांसाठी. "लुईस माउंटन निग्रो एरिया" अशी पाटीच रस्त्यावर होती. तिचे छायाचित्र आजही पाहायला मिळते. डोंगर सरकारचा, रस्ता सर्वांच्या पैशाचा, पण मुक्काम कुठे करायचा ते कातडीचा रंग ठरवणार. १९४५ च्या डिसेंबरात राष्ट्रीय उद्यानांतील हा भेद संपवण्याचा आदेश निघाला. शेनान्डोआत तो पुरता अमलात यायला १९५० साल उजाडले.

नात म्हणाली, "आजोबा, मग त्या लोकांना दुसरीकडे राहावंसं वाटलं तर?"

मी तिला बडोद्याची हकीकत सांगितली. १९१७ साली बाबासाहेब अमेरिकेत आणि लंडनमध्ये शिकून नोकरीसाठी बडोद्याला गेले. कुणी जागा देईना. पारशी धर्मशाळेत राहिले, तर लाठ्या घेऊन जमाव आला आणि त्यांना बाहेर काढले. एवढा विद्वान माणूस सार्वजनिक बागेत बसून राहिला आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतला. रात्री पाठ टेकायला हक्काची जागा नसणे म्हणजे काय, हे त्यांनी सोसले होते. शेजारच्या त्या आजोबांच्या वडिलांनीही सोसले असेल.

नात बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे आज आपण आपल्या मर्जीनं इथं आलो."

तिच्या त्या एका वाक्यात सगळे आले. ज्या १९५० साली या डोंगरावरचा भेद संपला, त्याच वर्षी २६ जानेवारीला आपली राज्यघटना लागू झाली. तिच्या पंधराव्या कलमात दुकाने, हॉटेले, विहिरी, तलाव, रस्ते सर्वांना खुले केले आहेत. आपण टेंपो करून दीक्षाभूमीला जातो, वाटेत झाडाखाली चूल मांडतो, धर्मशाळेत पथारी पसरतो, तेव्हा ही साधी वाटणारी गोष्ट कुणी मिळवून दिली, हे मुलांना जरूर सांगावे.

निघताना आम्ही शेकोटी पाण्याने विझवली, कागदाचा कपटाही वेचून घेतला. हक्काची जागा मिळाली की ती पुढच्यासाठी स्वच्छ ठेवणे हेही आलेच. जय भीम!