हाडांचं वय, मनाचं वय आणि कायद्याचं वय

"डॉक्टर, गाडी चालवायला तो मोठा होता ना? मग शिक्षेच्या वेळीच लहान कसा झाला?"

माझ्या एका जुन्या पेशंट काकूंनी हा प्रश्न विचारला, तेव्हा मी त्यांचं बीपी बघत होतो. गेल्या वर्षी त्यांचे यजमान पहाटे फिरायला गेले असताना मोटारसायकलच्या धडकेत गेले. चालवणारा मुलगा सतरा वर्षांचा. काही दिवसांत तो घरी आला. काकूंची झोप तेव्हापासून गेली आणि बीपी आटोक्यात येईना. पुण्यातल्या कल्याणीनगरच्या २०२४ मधल्या अपघाताची बातमी त्यांना पाठ आहे. दोन तरुण जीव गेले आणि अल्पवयीन मुलाच्या जामिनाला आधी तीनशे शब्दांच्या निबंधाची अट होती, हे त्या प्रत्येक वेळी सांगतात.

त्या दिवशी मी गोळीचा डोस वाढवून दिला. उत्तर मात्र दिलं नाही. आज इथे देण्याचा प्रयत्न करतो, कारण हा प्रश्न अनेक पेशंट विचारतात.

हाडं काय सांगतात?

१९९४ साली मी इंटर्न होतो. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात पोलिसांनी घरफोडीतल्या एका मुलाला वय तपासायला आणलं. जन्माची नोंद नाही, शाळेचा दाखला नाही. तेव्हाच्या कायद्यात मुलांसाठी मर्यादा सोळा वर्षांची होती. २००० च्या कायद्याने ती अठरा केली.

आम्ही दात मोजले, कोपर आणि मनगटाचे एक्स-रे काढले. वाढीच्या वयात हाडांची टोकं मुख्य हाडाशी जुळत जातात, त्यावरून वयाचा अंदाज बांधतात. पण त्यात दोन वर्षं इकडेतिकडे होऊ शकतात. माझ्या वरिष्ठांनी लिहिलं, "१५ ते १७ वर्षे." हवालदार म्हणाले, "साहेब, सोळाच्या आत की बाहेर, तेवढं सांगा." तेवढंच आम्हाला सांगता येत नव्हतं.

तो मुलगा एक्स-रेकडे बघत मला हळूच म्हणाला, "डॉक्टर, माझा हात मोडलाय का?"

आता कायदा आधी शाळेचा किंवा जन्माचा दाखला बघतो आणि ते नसतील तरच हाडांची तपासणी होते. हे योग्यच आहे.

आणि मेंदू?

थरार, राग, शाबासकीची ओढ यांच्याशी संबंधित मेंदूचे भाग वयात येताना वेगाने जागे होतात. त्यांना लगाम घालणारा कपाळामागचा भाग, प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, विशीच्या मध्यापर्यंत पक्का होत राहतो. म्हणजे वेग आधी येतो आणि ब्रेक नंतर.

याचा अर्थ सोळाव्या वर्षी बरंवाईट कळत नाही असा नाही. शांत बसवून विचारलं तर ही मुलं मोठ्यांसारखीच उत्तरं देतात. पण २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात गाडी चालवण्याच्या खेळात मित्र बघत असताना किशोरवयीन मुलांनी खूप जास्त धोका पत्करला. मोठ्यांमध्ये तसा फरक पडला नाही.

कायदा काय म्हणतो?

२०१२ च्या दिल्लीतल्या निर्भया प्रकरणात एक आरोपी अठराला काही महिने कमी होता. त्याला तीन वर्षं विशेष गृहात ठेवलं गेलं. तेव्हा मीही रागाने म्हणत होतो, याला मोठ्यांसारखीच शिक्षा हवी. त्याच संतापातून २०१५ चा कायदा आला. सोळा ते अठरा वयाच्या मुलाने किमान सात वर्षं शिक्षेचा, म्हणजे निर्घृण गुन्हा केला असेल, तर बाल न्याय मंडळ त्याची मानसिक क्षमता आणि परिणामांची समज तपासतं आणि खटला मोठ्यांसारखा चालवायचा का हे ठरवतं. तेव्हाही फाशी देता येत नाही आणि एकवीस वर्षांपर्यंत मुलाला मोठ्यांच्या तुरुंगात पाठवत नाहीत.

डॉक्टर म्हणून माझी अडचण इथे आहे. गुन्ह्याच्या रात्री, मित्रांच्या घोळक्यात त्या मेंदूचा ब्रेक किती लागत होता, हे नंतर एका शांत खोलीत तपासायचं कसं? कुठलाही स्कॅन, कुठलीही चाचणी ते सांगू शकत नाही. ज्या शास्त्राला हाडाचं वय नक्की सांगता येत नाही, त्याच्या भरवशावर मुलाचं सगळं आयुष्य ठरवू नये, असं मला आता वाटतं. क्रूर गुन्ह्याला तीन वर्षं कमी वाटत असतील तर मुलांच्याच व्यवस्थेत मुदत वाढवा, उपचार आणि देखरेख वाढवा. पण अठराची रेघ तशीच राहू द्या.

काकूंना काय सांगितलं?

पुढच्या खेपेला मी त्यांना हे सगळं सांगितलं. हेही सांगितलं, की निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल मोठ्या माणसालाही आज कमाल पाच वर्षंच शिक्षा आहे, त्यामुळे त्यांच्या प्रकरणात मोठ्यांसारखा खटला हा मार्गच उघडत नाही. पण २०१९ च्या दुरुस्तीनंतर गाडी देणाऱ्या पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही.

त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे किल्ली देणारा मोठाच होता." त्यांचं समाधान झालं असं मी म्हणणार नाही. बीपी त्या दिवशीही जास्तच होतं.

पालकांनो, तुमच्या मुलाचा ब्रेक अजून तयार होतोय. तोवर तो ब्रेक तुम्ही आहात. क्लासला उशीर झाला तर होऊ द्या, पण किल्ली आज खिशातच ठेवा.