जवळचे माणूस

आपल्याकडे माणूस इस्पितळात दाखल झाले की आजाराइतकीच आणखी एका गोष्टीची चौकशी होते. "पेशंटजवळ कोण आहे?" १९६८ साली पुण्यात माझी आई आजारी पडली तेव्हा हा प्रश्न मला विचारला गेला आणि मी म्हटले, "मी आहे." पुढच्या अकरा रात्री मी तिच्या खाटेशेजारी सतरंजी पसरून काढल्या. तिला पाणी पाजायचे, कुशीवर वळवायचे, बाटली संपत आली की सिस्टरला हाक मारायची. मला कोणी 'भेटायला आलेली' म्हटले नाही. भेटायला येणारी मंडळी वेगळी. ती संध्याकाळी येत, मोसंबी ठेवीत, खुर्चीच्या कडेवर बसून घड्याळाकडे बघत. मी जवळचे माणूस होते. ह्या साध्या शब्दाचे मोल कळायला मला बावन्न वर्षे लागली, आणि तीही परमुलखात.

१९७३ पासून आमचा संसार अमेरिकेत, टेक्सासमधल्या ह्यूस्टनला झाला. हे इंजिनिअर. २०१८ साली ह्यांचा स्मृतिभ्रंश इतका वाढला की मला एकटीला घरी सांभाळणे झेपेना आणि ह्यांना नर्सिंग होममध्ये ठेवावे लागले. तिकडे नर्सिंग होम म्हणजे आपल्याकडचे छोटे इस्पितळ नव्हे. ज्यांना उठणे, जेवणे, आंघोळ काहीच आपले आपण होत नाही, अशा म्हाताऱ्यांचे ते अखेरचे घर. 'नवऱ्याला टाकून आले' असे मी मनाशी पुष्कळदा म्हटले. त्यावर उतारा एकच होता : रोज साडेअकराला मऊ भाताचा डबा घेऊन जायचे आणि ह्यांना भरवायचे.

ज्या इंग्रजीत ह्यांनी आयुष्यभर पुलांची गणिते मांडली, ती आजाराने आधी नेली. मागाहून शिकलेली भाषा पुष्कळदा आधी जाते म्हणतात. उरली ती मिरजेची मराठी, आणि ती समजणारी त्या साऱ्या इमारतीत मी एकटी.

मार्च २०२० मध्ये दार बंद झाले. त्याआधी फेब्रुवारीत वॉशिंग्टन राज्यातल्या कर्कलंड गावी अशाच एका घरात करोना शिरला होता आणि तिथली म्हातारी माणसे एकामागून एक गेली होती. त्यामुळे १३ मार्चला केंद्र सरकारने देशभरच्या नर्सिंग होमांना कळवले की, मरणाच्या दारी टेकलेल्यांसारखे अपवाद सोडले तर बाहेरच्या कुणालाही आत घेऊ नये. हे दुष्टपणाने केले असे मी कधी म्हणणार नाही. भीती खरी होती. मला फक्त एवढेच कळेना, की मी 'बाहेरची' केव्हा झाले?

मी दाराशी डबा आणि एक कागद देऊन परतले. कागदावर सात मराठी शब्द इंग्रजी लिपीत लिहिले होते आणि पुढे त्यांचे अर्थ : पाणी, दुखतंय, थंडी, लघवी, झोप, हो, नको. मला वाटले, मी नाही तर नाही, माझे सात शब्द तरी आत गेले.

मग खिडकीतल्या भेटी सुरू झाल्या. मी बाहेर गवतावर उभी, हे आत चाकाच्या खुर्चीत. मदतनीस बाई ह्यांच्या कानाशी फोन धरी. माझा आवाज कानाशी येई आणि तोंड काचेपलीकडे हले. दोन्ही एकाच बाईची हे ह्यांना जुळवता येत नसे. हे फोनच्या मागे कोण दडले आहे ते पाहत.

जुलैत निरोप आला, ह्यांचे वजन अठरा पौंडांनी उतरले आहे. आपल्या हिशेबाने आठ किलो. मी फोनवर विचारले, "जेवत का नाहीत?" ती बाई बिचारी मेक्सिकोकडची, मायाळू होती. ती म्हणाली, "आम्ही घास पुढे करतो, पण ते 'नको' म्हणतात. तुम्हीच लिहून दिलं आहे, नको म्हणजे नाही. मनाविरुद्ध कसं भरवायचं?"

मी फोन हातात धरून तशीच बसले. पंगतीत वाढलेला माणूस पहिल्या खेपेला कधी 'हो' म्हणतो का? हे तर जन्मभर 'नको, नको' म्हणत ताटावर आडवा हात धरीत आणि बोटांच्या फटीतून जिलबी पडू देत. ह्यांच्या 'नको'चा अर्थ 'आणखी एकदा म्हण' असा होता. तो मी कागदावर लिहिला नव्हता. लिहायचा असतो हेच मला ठाऊक नव्हते.

मी तिला सांगितले, "तीनदा विचारा." तिने विचारलेही. पण एका जेवणवेळेत तिला दहा-बारा जणांना भरवायचे असे. आग्रहाला वेळ लागतो, आणि तिच्याजवळ वेळच नव्हता.

शेजारच्या खोलीतल्या बाई ऑगस्टमध्ये गेल्या. शेवटच्या तासाला लेकीला आत घेतले. तेवढी मुभा होती. लेक मला म्हणाली, "मला आईचा शेवटचा तास नको होता. त्याआधीचे पाच महिने हवे होते."

खरे तर १९८७ च्या केंद्रीय कायद्याने नातेवाइकांना अशा घरांत भेटीचा हक्क दिलेलाच होता. साथीने तो बाजूला ठेवला. मग ठिकठिकाणच्या लेकीसुना, नवरे-बायका दाद मागू लागल्या, आणि २४ सप्टेंबर २०२० पासून टेक्सासने एक नवे नाते मान्य केले : 'इसेन्शिअल केअरगिव्हर', ज्याच्यावाचून चालत नाही असा सांभाळणारा. प्रत्येकाला असे दोघे नेमता येत. आधी त्यांची तपासणी, मग शिकवणी, आणि आत एका वेळी एकानेच जायचे. कामगार रोज ये-जा करीतच होते. तेच नियम पाळून आम्हीही जाऊ शकतो, एवढेच आमचे म्हणणे होते.

ऑक्टोबरात मी आत गेले. मुखपट्टी, हातमोजे, डोळ्यांपुढे पारदर्शक पडदा. ह्यांनी ओळखले नाही. १४ नोव्हेंबरला, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, बेसनाचा लाडू दुधात कालवून नेला. चमचा पुढे केला.

"नको."

"अहो, माझ्यासाठी एवढा एकच."

"नको म्हटलं ना," असे म्हणून ह्यांनी तोंड उघडले.

पुढच्या वर्षी हा हक्क राज्यघटनेतच घालावा की नाही, ह्यावर टेक्सासमध्ये मतदान झाले. तो दिवस २ नोव्हेंबर २०२१, आपली धनत्रयोदशी. मी काठी टेकत जाऊन मत देऊन आले. शंभरातल्या ऐंशीहून अधिक मतदारांनी 'हो' म्हटले. त्याच महिन्याच्या १२ तारखेला केंद्रानेही देशभर सर्वांना भेटीची मोकळीक दिली.

२०२२ च्या वैशाखात हे गेले. मी जवळ होते. आधीचा सारा हिवाळाही जवळच होते.

तो सात शब्दांचा कागद त्यांनी मला ह्यांच्या कपड्यांबरोबर परत दिला. 'नको'पुढे त्या मदतनीस बाईने स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवले आहे : 'तीनदा विचारणे.'