पाहा, राजहंस

माणसाला एखादा छंद असावा असे सगळेच सांगतात. पण तो कोणता असावा याविषयी लोकांची मते फार ठाम असतात. पोस्टाची तिकिटे जमवणारा रसिक ठरतो, कुंड्यांना पाणी घालणारा निसर्गप्रेमी ठरतो, आणि पान चघळीत ओट्यावर बसणारासुद्धा निदान गप्पिष्ट म्हणून ओळखला जातो. पण "मी संगीतावरच्या जुन्या मासिकांची सूची करतो" असे एकदा कुणाला सांगून पाहा. समोरचा गृहस्थ क्षणभर तुमच्या तोंडाकडे बघतो आणि मग हलक्या आवाजात विचारतो, "घरी सगळे ठीक आहे ना?"

"म्हणजे तुम्हाला गाता येत असेल," हा त्याच्या पुढचा तर्क. तोही खरा नाही. शाळेतल्या पेटीवर प्रार्थनेचा सूर मला धरता येतो, आणि तोही मुलांनी सांभाळून घेतला तर. मी मुलांना मराठी शिकवतो आणि सुट्ट्यांत कादंबऱ्या लिहितो. या दोन्हींतून सूचीकडे जाणारी वाट कुठेच नव्हती. ती निघाली एका रद्दीच्या गाठोड्यातून.

आमच्या नंदुरबारातले एक वृद्ध संगीतशिक्षक वारले. मुले परगावी नोकरीला. घर विकायचे ठरले. माळ्यावर तीन-चार निरनिराळ्या मासिकांचे बांधीव खंड आणि सुटे अंक होते, सुमारे पन्नास वर्षांचे. वजनकाट्यावर चढण्याआधी ते आमच्या वाचनालयाच्या ग्रंथपालांनी मागून आणले आणि एका टेबलावर रचून ठेवले. ढिगाकडे बघत ते मला म्हणाले, "सर, हे आता आपले झाले. पण यात आहे काय, ते कोण सांगणार?"

हा प्रश्न साधा दिसतो. पण सूचीशास्त्राची सगळी इमारत त्यावर उभी आहे. पुस्तक आपल्या पाठीवर स्वतःचे नाव मिरवते. मासिकातला लेख मात्र अंकाच्या पोटात असतो. पाठीवर दिसते 'वर्ष सातवे'. आत कुण्या गायकाची मुलाखत आहे, बंदिशीवरचा वाद आहे, की मृत्युलेख आहे, ते पाने उलटल्यावाचून कळत नाही. आणि पन्नास वर्षांची पाने कोण उलटणार? ज्याला दुसरे काम नाही तो. उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळामास्तराला काय काम असते?

या वाटेने आधी मोठी माणसे गेली आहेत. आपल्याकडे शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ पर्यंतच्या मराठी ग्रंथांची सूची १९४४ साली प्रसिद्ध केली. पुढे १९३८ ते १९५० या काळाचा भाग १९६१ साली आला. त्यांच्या नावाच्या सूची मंडळाने मराठी नियतकालिकांकडेही लक्ष पुरवले. परदेशात १९४९ साली अमेरिकेत डेट्रॉइट येथून संगीतविषयक नियतकालिकांची सूची सुरू झाली. १९६६ साली न्यूयॉर्कच्या बॅरी ब्रूक नावाच्या प्राध्यापकाने 'रिल्म' या संस्थेचा पाया घातला. त्यांची योजना मोठी झकास होती. एकट्या माणसाने सारे जग वाचणे शक्य नाही. म्हणून देशोदेशींच्या मंडळांनी आपापल्या देशातले संगीतविषयक लेखन वाचावे, त्याचा चार ओळींत सारांश करावा आणि एका ठिकाणी पाठवावा. आज तो सारा साठा संगणकावर आहे. टोकियोतल्या विद्यार्थ्याने एक शब्द टंकला की लिस्बनमधला लेख त्याच्यापुढे येतो. फक्त तो लेख आधी कुणीतरी वाचून नोंदवलेला असावा लागतो. संगणक फार हुशार आहे असे मुले म्हणतात. पण माळ्यावर चढून धूळ झटकणे अजून त्याला जमलेले नाही.

तेव्हा मी धूळ झटकली. आमच्याकडे दिवाळीच्या सुमाराला गावाबाहेर मिरचीच्या पथाऱ्या पडू लागतात, आणि वाऱ्यावर येणारा तिचा खाट व जुन्या कागदाची धूळ एकत्र झाली म्हणजे सूचीकाराच्या शिंका तिन्ही सप्तकांत जातात. एका लेखाला एक कार्ड. त्यावर लेखकाचे नाव, लेखाचे नाव, वर्ष, अंक, महिना, पृष्ठे, आणि खाली विषय. संध्याकाळी तीच माहिती संगणकाच्या तक्त्यात भरायची. एका विद्यापीठातल्या संशोधकांनी मला नमुना पाठवला होता. काम तपासून आपल्या साठ्यात घेऊ असे त्यांनी कळवले होते.

पहिले आठ दिवस बरे गेले. नवव्या दिवशी गंधर्व आले.

बालगंधर्व म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस. सवाई गंधर्व म्हणजे रामचंद्र गणेश कुंदगोळकर. कुमार गंधर्व म्हणजे शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी. छोटा गंधर्व म्हणजे सौदागर नागनाथ गोरे. नियम म्हणतो, व्यक्तीला आडनावाखाली घाला. घातले, तर बालगंधर्व 'र'च्या पेटीत जातात; आणि महाराष्ट्रातला कोणता माणूस त्यांना तिथे शोधायला जाईल? बरे, सगळ्यांना 'गंधर्व' या एकाच शब्दाखाली घालावे, तर चार परस्परवेगळी माणसे एका कुटुंबातली वाटू लागतात आणि गंधर्व नाटक मंडळीही त्यांच्या पंगतीला येऊन बसते. गांधर्व महाविद्यालय तेवढे एका कान्यामुळे शेजारच्या ओळीत जाते.

यावर सूचीकारांनी फार जुना उपाय काढून ठेवला आहे. एक रिकामे कार्ड घ्यायचे आणि त्यावर लिहायचे : 'राजहंस, नारायण श्रीपाद — पाहा : बालगंधर्व'. आणि कुणी उलट बाजूने येणारा असेल तर तिकडेही एक पाटी लावायची. 'पाहा' एवढाच शब्द! त्या कार्डावर दुसरी काही माहिती नसते. चौकात उभा राहून "इकडे नव्हे, तिकडे जा" असे सांगणाऱ्या भल्या माणसासारखे ते असते. पण या एका शब्दावर माझा इतका जीव जडला, की घरीसुद्धा "चष्मा कुठे आहे?" असे विचारले की पत्नी म्हणते, "पाहा : कपाळ."

अशी कार्डे पुष्कळ लागतात. पंडित भातखंड्यांनी आपला संस्कृत ग्रंथ 'चतुरपंडित' या नावाने लिहिला. तिथे एक 'पाहा'. रागांचीही तीच तऱ्हा. कुणी कानडा लिहितो, कुणी कान्हडा. आणि 'श्री' या रागाने तर संगणकाला रडकुंडीस आणले. तो राग शोधावा, तर महाराष्ट्रातले सगळे श्रीयुत हात जोडून उभे!

पण सगळ्यांत जपून हात लावावा लागला तो एका घराला. सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर, सरस्वती राणे. तिघेही अब्दुल करीम खाँसाहेबांची मुले, सख्खी भावंडे. आडनावाप्रमाणे लावले की तिघे तीन पेट्यांत जातात आणि वडील चौथ्या पेटीत. ज्यांनी एका तंबोऱ्याखाली सूर लावला ते वर्णमालेत एकमेकांना ओळखत नाहीत. मी चौघांची कार्डे 'पाहा'ने एकमेकांस बांधली, तेव्हा मला एखाद्या घरातली भाऊबीज पुन्हा सुरू करून दिल्यासारखे वाटले.

एवढ्या खटाटोपाचे मोल काय, असे कुणी विचारील. गाणे हवेत विरते. ध्वनिमुद्रिका निघाल्या त्या मोजक्यांच्या, आणि जुन्या तबकडीवर गायकाला मिनिटे मिळत ती तीन-साडेतीन. बाकीचे गाणे कसे होते, गुरूने शिकवले कसे, रागावला कशावरून, हे ज्यांनी ऐकले-पाहिले त्यांनी मासिकांतच लिहून ठेवले. प्रा. बी. आर. देवधर यांनी १९४७ साली निघालेल्या 'संगीत कला विहार'मधून गायकांची जी चित्रे रेखाटली, त्यांचे पुढे 'थोर संगीतकार' हे पुस्तक झाले, ती वाचली. पण ज्यांचे पुस्तक झाले नाही असे किती लेख असतील!

मला मिळालेल्या नमुन्यात एक नियम होता. लेख, मुलाखत, परीक्षण, मृत्युलेख घ्यावा. जाहिराती, वर्गणीदारांच्या याद्या आणि परीक्षांचे निकाल घेऊ नयेत. नियम रास्त आहे. संशोधकाला निकालाचे काय करायचे? मीही ती पाने उलटून पुढे जात होतो.

एके दिवशी शहाद्याहून एक बाई वाचनालयात आल्या. साठीच्या पुढच्या असतील. संगीताचे जुने अंक इथे आहेत हे त्यांना कुणाकडून कळले होते. त्या म्हणाल्या, "भाऊ, माझी आई सांगायची की ती गाण्याची परीक्षा पास झाली होती, आणि तिचे नाव छापून आले होते. लग्नानंतर सासरी गाणे चालले नाही. पेटी माळ्यावर गेली. सर्टिफिकेट आम्ही कधी पाहिले नाही. भाऊ लोक म्हणतात, आई उगीच सांगायची. नाव सापडेल का?"

आईचे नाव त्यांनी सांगितले, ते सासरचे. मी दोन दिवस पाने चाळली. त्या नावाचे कुणी नव्हते. मग विचारले, माहेरचे नाव काय? आडनाव त्यांना ठाऊक होते. पण लग्नात नावही बदललेले. पहिले नाव आठवायला त्यांना धुळ्याच्या मावशीला फोन करावा लागला. आणि मग ते सापडले. बारीक टाइपात, 'प. खानदेश' केंद्राखाली, प्रवेशिका परीक्षेच्या यादीत. नंदुरबार जिल्हा झाला १ जुलै १९९८ रोजी. त्याआधी आम्ही धुळ्यात होतो आणि त्याही आधी पश्चिम खानदेशात. म्हणजे त्या मुलीचे नाव, आडनाव आणि जिल्हा, तिन्ही बदलली होती. ती सापडणार कशी?

बाई बराच वेळ त्या ओळीवर बोट ठेवून बसल्या. मग एकाएकी हसू लागल्या. "दुसरा वर्ग!" त्या म्हणाल्या. "आम्हाला तर जन्मभर पहिला वर्ग सांगत होती!"

झेरॉक्स घेऊन त्या गेल्या. त्या रात्री मी एक वेगळी पेटी केली. निकालांच्या याद्यांतल्या, आमच्या भागातल्या प्रत्येक नावाचे एक कार्ड. मुलींची कळतील तेवढी सासरची नावे, आणि मध्ये 'पाहा'. विद्यापीठाच्या साठ्यात ही पेटी जाणार नाही. त्यांचा नियम त्यांच्या जागी योग्य आहे. ती वाचनालयातच राहील.

सूचीचा दुसरा एक गुण मला उशिरा कळला. सगळी कार्डे वर्णक्रमाने लावून झाली म्हणजे काय आहे ते दिसतेच. पण काय नाही तेही तितकेच स्वच्छ दिसते. 'वाद्ये' या विषयाखाली सतार होती, सारंगी होती, जलतरंगसुद्धा होता. 'तबला'नंतर बोटे पुढे सरकली आणि 'प'वर थबकली. पखवाज होता, पावरी नव्हती. भोपळा, वेळू आणि शिंग यांची बनलेली ही पावरी आमच्या नवापूरकडे डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात रात्र-रात्र घुमते. माझ्या हाती आलेल्या पन्नास वर्षांत तिच्यावर कुणी चार ओळी लिहिल्या नव्हत्या. ढिगात ही उणीव कधी दिसली नसती.

गोव्यातले कुर्डी गाव साळावलीच्या धरणाखाली गेले. पण मोगूबाई कुर्डीकरांच्या आडनावात ते टिकून आहे; जगातल्या कोणत्याही संगीतसूचीत 'क' उघडा, कुर्डी तिथे आहे. आमच्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावे सरदार सरोवराच्या बुडिताच्या यादीत आली. मणिबेली त्यांतलेच. तिथल्या होळीच्या गाण्यांचे, ढोल वाजवणाऱ्यांचे कार्ड मी कशाच्या आधारे करू? छापलेले काही असेल तर सूची. नसेल तर सूचीकाराचे हात बांधलेले. त्याने स्वतःहून लेख लिहून आपल्याच पेटीत घालणे शिष्टसंमत नव्हे.

म्हणून मी दुसरी युक्ती केली. आमच्या शाळेचे एक हस्तलिखित वार्षिक निघते. यंदा निबंधाला विषय दिला : 'आमच्या घरचे गाणे'. पुष्कळ मुलांनी सिनेमातले लिहिले, चालायचेच. पण तळोद्याकडच्या पुनर्वसन वसाहतीतल्या एका मुलाने आपल्या आजीवर दोन पाने लिहिली. जुन्या गावात होळीला ती कोणती गाणी म्हणत असे, त्यांतल्या कोणत्या गाण्यात नदीकाठच्या कोणत्या जागेचे नाव येते, आणि नव्या वसाहतीत ती ओळ आली की आजी का थांबते. शुद्धलेखनाच्या चुका अठरा. मी त्या तशाच राहू दिल्या.

हस्तलिखिताला वर्ष आहे, अंक आहे, पृष्ठसंख्या आहे. मग कार्ड व्हायला हरकत कोणती? मुलाचे नाव, लेखाचे नाव, पृष्ठे १४–१५. विषय : होळीची गाणी. खाली गावाचे नाव लिहिले आणि पुढे, 'पाहा : वसाहत'. पावरीसाठी कोरे कार्ड 'प'मध्ये लावून ठेवले आहे. नवापूरकडची दोन मुले सुट्टीत आजोबांना विचारून लिहून आणतो म्हणाली आहेत. बघू या.