टपालखर्च कुणाच्या खिशातून?

आजोबांच्या शेतीच्या आठवणींचं छोटं पुस्तक आम्ही घरच्यांनी छापून घेतलं आणि प्रती पाठवायचं काम माझ्याकडे आलं. राखीच्या पाकिटापलीकडे मी कधी काही टपालात टाकलेलं नव्हतं. कर्जतच्या पोस्टात पाकिटांची पिशवी घेऊन उभी राहिले, तेव्हा वजन करायचं, पैसे भरायचे, पावती घ्यायची, एवढीच माझी समजूत होती.

पण काट्यावर पाकीट ठेवायच्या आधीच प्रश्न आला, "आत काय आहे?" पुस्तक म्हटल्यावर पुढचा प्रश्न, "चिठ्ठी नाही ना आत?" दर नुसत्या वजनावर ठरत नाही, आतल्या वस्तूवरही ठरतो, हे मला तिथे कळलं. नागपूरच्या आत्यासाठीचं पाकीट 300 ग्रॅमच्या आत होतं. स्पीड पोस्टने 500 ते 1000 किलोमीटरला 82 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे जवळजवळ 97. तेच पाकीट 'ज्ञान पोस्ट'ने 20 रुपये अधिक कर! मी चक्रावूनच गेले. कोपरे दुमडू नयेत म्हणून एका प्रतीला पुठ्ठा लावला, तर काटा 300 च्या पुढे सरकला आणि दर 25 झाला.

मग चौकशी करत गेले. पुस्तकांसाठीची जुनी स्वस्त रजिस्टर्ड बुक पोस्ट सेवा 18 डिसेंबर 2024 ला बंद झाली आणि छोटे प्रकाशक हवालदिल झाले. 1 मे 2025 पासून ज्ञान पोस्ट आली. 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये, 5 किलोला 100. पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव हवं, ठरावीक काळाने निघणारे अंक त्यात चालत नाहीत आणि टपाल जमिनीवरून, सावकाश जातं. दर मात्र देशभर एकच. स्पीड पोस्टचा दर अंतराप्रमाणे चढतो; साधं रजिस्टरही 2025 मध्ये त्यातच विलीन झालं.

घरी हे सांगितलं तर सगळ्यांचं एकच म्हणणं, "पोस्टात कशाला पैसे घालतेस? कुणाच्या तरी हातून पाठव." कर्जतला अशा हातांची वाण नाही. सकाळच्या लोकलने निम्मं गाव ठाण्या-दादरकडे अप-डाऊन करतं. खोपोलीहून पुण्याकडे जाणारं कुणी ना कुणी भेटतंच.

शेजारचे काका म्हणाले, टपालखर्च चुकवणं फार जुनं आहे. त्यांच्या लहानपणी नोकरीवर पोचलेला मुलगा घरी नॉटपेड, म्हणजे तिकीट न लावलेलं पत्र टाकायचा. दुप्पट पैसे भरून ते सोडवायचं कोण? पाकिटावरचं अक्षर बघायचं आणि पत्र परत करायचं. मुलगा सुखरूप पोचला, एवढं कळलं की झालं. आपल्या मिस्ड कॉलसारखंच. इंग्लंडातही अशा युक्त्या चालत. तिथे 1840 पूर्वी पत्राचे पैसे बहुधा घेणाऱ्याकडून वसूल व्हायचे, वर्तमानपत्रं मात्र फुकट जायची. लोक छापील अक्षरांखाली टाचणीने भोकं पाडून निरोप धाडत. मग रोलंड हिल यांच्या टपाल-सुधारणेने तिथे एका पेनीचा सरसकट दर आला. आपल्याकडे 1854 पासून पाव तोळ्याच्या पत्राला अर्धा आणा, मग ते जवळ जावो की दूर.

मीही काही प्रती हातोहात दिल्या. दादरची प्रत घ्यायला मावसबहीण कामावरून अर्धा तास लवकर सुटून फलाटावर थांबली, गाडी उशिरा आली. ठाण्याची प्रत शेजारच्या ताईंच्या पिशवीत तीन आठवडे फिरत राहिली, कारण वाचकाची आणि त्यांची वेळ जुळेना. त्या रोज मला "राहिलंच गं" म्हणायच्या आणि त्यांनाच ओशाळल्यासारखं व्हायचं. प्रत्येक प्रतीमागे माझे वीस-पंचवीस रुपये वाचले होते, पण त्याची भरपाई या दोघी आपल्या वेळेने करत होत्या.

खालापूर तालुक्यातल्या एका वाडीवरच्या गुरुजींना प्रत हवी होती. कुरिअरवाल्यांनी सांगितलं, "तिथे आमची डिलिव्हरी नाही, खोपोलीत येऊन घेऊन जायला सांगा." पोस्टाने पाठवलेली प्रत ग्रामीण डाक सेवकाने शाळेत नेऊन दिली. दर नागपूरचाच, एक पैसाही जास्त नाही. डोंगरावरच्या वाडीला आणि शहरातल्या घराला एकच भाव लावायचा, ही केवढी मोठी गोष्ट आहे, ते मला पाकिटं चिकटवता चिकटवता समजलं.

आता पुस्तकाची किंमत सांगताना मी टपाल धरूनच सांगते. कुणी मुद्दाम भेटायलाच निघालं असेल, तरच त्याच्या हाती प्रत देते. ज्यांच्या वाडीला एसटीही धड जात नाही, त्यांच्या दारात पुस्तक पोचवणारी व्यवस्था टिकायची असेल, तर ज्याला परवडतं त्याने तरी तिकिटाचे पैसे आनंदाने भरावेत. आणि सरकारने ज्ञान पोस्टचा हा एकच दर असाच ठेवावा, छोट्या नियतकालिकांनाही त्यात घ्यावं, असं मला अगदी मनापासून वाटतं.